क्लॅरीचं वरच्या पट्टीतलं प्रकरण

"त्या डॅरिलला असा गार करतो की पोरगा जन्मात पुन्हा बेस गिटारला हात लावणार नाही!"

क्लॅरी पेटिग्रूने ही भीष्मप्रतिज्ञा केली तेव्हा ऐकायला फक्त त्याच्या बायकोच्या कोंबड्या होत्या. त्यांच्यातली एकही हसली नाही. तेवढ्यावर क्लॅरीला धीर आला, यावरून त्याची परिस्थिती काय होती ते समजून घ्या.

एरवी क्लॅरी बढाया मारणाऱ्यांतला नव्हे. त्याला साधं बोलायची मारामार, तिथे बढाया कुठून मारणार? टॅलो क्रीक गावच्या, लाकूड कापायच्या सॉ मिलमध्ये तो करवतींना धार लावायचा. एकट्याची खोली, समोर करवत, कानात कापसाचे बोळे. आठवडाभर त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, कारण बोललेलं ऐकूच जायचं नाही. पण शनिवारची संध्याकाळ झाली की हाच क्लॅरी अंघोळ करून, केस चापूनचोपून बसवून गावच्या हॉलमध्ये जायचा आणि थेल्मा ब्रॉड्रिबबाईंच्या अकॉर्डियनच्या मागे बेस गिटार घेऊन उभा राहायचा. समोर सगळं गाव नाचतंय, आपण त्यांच्यात आहोत, आणि तोंडातून एक अक्षर काढावं लागत नाही. क्लॅरीला जगात आणखी काही नको होतं.

आता वाजवायचा म्हणजे काय वाजवायचा? तर ढुम... ढुम. जाड तारेवर एक सूर, शेजारच्या तारेवर दुसरा. संथ वॉल्ट्झ असला की ढुमच्या पुढे थोडं थांबायचं, उड्या मारायचा पोल्का असला की थांबायचं नाही. वर्षानुवर्षं हेच. कोणी त्याला 'वा' म्हटलं नाही, कोणी 'हाय' म्हटलं नाही.

आणि या ढुमढुमवर गाव चालायचं. मिलमध्ये जन्म काढलेल्या पुरुषांचे कान केव्हाच कामातून गेलेले. अकॉर्डियन त्यांना ऐकू यायचं नाही, पियानो दिसायचा तेवढाच. पण हॉलची जमीन फळ्यांची होती, खालून पोकळ. क्लॅरीचा स्पीकर त्या फळ्यांवरच असायचा, तेव्हा त्याने जाड तार छेडली की ती फळ्यांतून थेट बुटात यायची. पुरुषमंडळी नाचायची ती तळपायांनी ऐकून. चहाच्या आधीचा नाच कायम बार्न डान्स. मोठं रिंगण करायचं, आणि ठरावीक ढुम झाले की आपली जोडीदारीण पुढच्याच्या हवाली करून मागची घ्यायची. जमीन शांत झाली की नाच संपला, चहाला चला. स्वयंपाकघरातल्या बायकांचंही घड्याळ तेच. खिळ्यांना टांगलेले कप ढुमढुमला किणकिणायचे. कप गप्प झाले की ट्रे उचलायचे. हे कोणी कुठे लिहून ठेवलं नव्हतं आणि कोणाला कधी सांगावंही लागलं नव्हतं.

अशा सुखी गावात शाळेवर नवीन मास्तर आला, डॅरिल हॉबडे. वय विशीचं, केस खांद्यापर्यंत, आणि बरोबर लालभडक बेस गिटार. शाळेच्या जत्रेत मैदानावर त्याने ती वाजवली. वाजवली कसली, पळवली! बोटं कुठे पडतायत ते दिसेना. अंगठ्याने काय मारतोय, करंगळीने काय ओढतोय, मधेच गिटार मानेमागे काय नेतोय! गाव आ वासून बघत राहिलं. जमीन गवताची, पायाला काही कळायचा प्रश्नच नव्हता. सगळ्यांनी डोळ्यांनी ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या.

त्यातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या वॉली स्नेडनच्या. वॉली हा हॉलच्या कमिटीचा अध्यक्ष. मिलमधून निवृत्त झालेला, एका कानाने ठार बहिरा आणि दुसऱ्याने सोयीपुरता. त्याने जाहीर करून टाकलं की हॉलच्या वाढदिवसाच्या नाचाला चहाच्या आधी क्लॅरी वाजवेल आणि चहानंतर डॅरिल. मग कमिटी ठरवेल, शनिवार कोणाचे ते.

क्लॅरीच्या पायाखालची जमीनच सरकली. त्या रात्री जेवताना त्याने मटणाचा तुकडा ताटात इकडून तिकडे फिरवला आणि शेवटी बायकोला विचारलं, "नोरीन, मला काढतील का गं?"

"तू आपलं ढुमढुम कर," नोरीन वाटाणे वाढत म्हणाली. "तुला तेच येतं."

बाई धीर द्यायला बोलली होती. पण 'तुला तेच येतं' हे क्लॅरीच्या असं काही वर्मी लागलं की त्याचा डोळ्याला डोळा लागेना. शनिवार गेला तर आपल्याकडे उरतं काय? धार लावायची खोली आणि कानातले बोळे. म्हणजे मेल्यावर जे मिळायचं ते आत्ताच मिळणार! सकाळ होईपर्यंत त्याचं ठरलं होतं. डॅरिलच्या बोटांना बोटांनी उत्तर द्यायचं. बेस गिटार बारीक सुरातही गाऊ शकते, आपल्यालाही ते येतं, हे गावाला दाखवून द्यायचं.

शिकायचं कुठे? घरात नोरीन. मिलमध्ये करवत. राहता राहिलं कोंबड्यांचं खुराडं. चांगलं माणूसभर उंचीचं, पत्र्याचं, परसात इतकं लांब की आवाज घरापर्यंत पोचू नये. क्लॅरीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर नेली, 'दिवा लावतोय' असं सांगितलं आणि संध्याकाळी दार लावून घेतलं. जाड तारा सोडून तो बारीक तारांवर आला आणि बोटं गिटारच्या पार पोटाजवळ, जिथे सूर अगदी चिमणीएवढे होतात, तिथे नेऊन थडाथडा उडवायला लागला. पहिल्या दिवशी कोंबड्या कोपऱ्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी एकीवर एक चढून बसल्या. आठवडा संपेपर्यंत क्लॅरीची बोटं पळायला लागली आणि कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं.

इथून घोटाळ्याला सुरुवात झाली. वाढदिवसाच्या नाचाला केक कोणाचा, तर नोरीनचा. तिचा क्रीमचा स्पंज केक म्हणजे गावाची शान. आणि ऐन वेळी अंडी नाहीत! नोरीनने दाणा बदलला, पाणी बदललं, कोंबड्यांना प्रेमाने समजावलं आणि मग सूपची धमकी दिली. पिसं विस्कटलेली, डोळे भेदरलेले पाहून तिची खात्री पटली की रोज संध्याकाळी खुराड्यात कोल्हा येतोय. तिने क्लॅरीला सांगितलं. क्लॅरी म्हणाला, असेल. दुसरं काय म्हणणार? मग तिने वॉलीला सांगितलं, कारण वॉलीकडे बंदूक होती.

त्या संध्याकाळी क्लॅरी नेहमीप्रमाणे आत शिरला. नोरीन थेल्माबाईंकडे अंडी उसनी आणायला गेली होती. क्लॅरी असा रंगात आला होता की विचारू नका, जीभ बाहेर, घाम कपाळावर, बोटं नुसती उधळलेली! आणि पत्र्याच्या फटीतून त्याला बंदुकीची नळी दिसली. भीतीने बोटं थांबायची, तर ती दुप्पट वेगाने पळायला लागली. बाहेर वॉलीने तळहात भिंतीवर ठेवला. मिलमधली त्याची ही जुनी सवय. पट्टा नीट फिरतोय का, मोटर चालू आहे का, सगळं तो तळहाताने बघायचा. आत गिटार कोकलतेय, कोंबड्या कलकलतायत, आणि वॉली मिनिटभर हात लावून उभा! मग मान हलवून निघून गेला. वाटेत नोरीन भेटली तिला त्याने छातीठोकपणे सांगितलं, "आत कोणी नाही. सगळं शांत आहे."

क्लॅरी मटकन खाली बसला तो एका रिकाम्या घरट्यात. वाचलो, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. शहाण्या माणसाच्या डोक्यात आणखीही काही आलं असतं. इतका आटापिटा करून आपण वाजवतोय आणि भिंतीला हात लावून उभ्या असलेल्या माणसाला आत काही आहे हेच कळलं नाही, तर हॉलमध्ये काय होईल? पण माणूस एकदा इरेला पेटला की त्याची अक्कल शेळ्या राखायला जाते. इथे मेंढ्या जास्त, तेव्हा मेंढ्या म्हणा.

वाढदिवसाच्या दिवशी हॉल नुसता फुलला होता. आजूबाजूच्या वाड्यांवरची माणसं आली होती. डॅरिल पहिल्या बाकावर अदबीने बसला होता आणि त्याने क्लॅरीला "तुमचं ऐकायला आलोय, क्लॅरीकाका," असंही सांगितलं. क्लॅरीला वाटलं, कावेबाज आहे पोरगा. पहिले नाच त्याने ठरल्याप्रमाणे ढुमढुम करून काढले. हुकमाचा पत्ता त्याने बार्न डान्ससाठी राखून ठेवला होता.

रिंगण झालं. वॉली मधोमध, कडेवर घेतल्यासारखी थेल्माबाईंची आडदांड बहीण धरून. नाच रंगात आला, जोड्या बदलायला लागल्या. थेल्माबाईंनी धून तिसऱ्यांदा सुरू केली आणि क्लॅरीने डोळे मिटले, पाऊल पुढे टाकलं आणि बोटं जाड तारांवरून उचलून थेट गिटारच्या पोटाशी नेली.

जमीन एकदम मेली.

तळपायांनी ऐकणारे सगळे पुरुष जागच्या जागी उभे राहिले. संपला वाटतं नाच! त्यांनी जोडीदारणींना वाकून नमस्कार केला आणि शिस्तीत चहाच्या टेबलाकडे वळले. बायकांना मात्र ऐकू येत होतं. अकॉर्डियन चालू, पियानो चालू, मग नाच चालूच की! त्या ठरल्या जागी गिरकी घेऊन पुढच्या पुरुषाच्या हातात हात द्यायला गेल्या तर तिथे पुरुष नाही. पाठ आहे. कोणी पाठीलाच धरलं. कोणी एकमेकींना धरलं. एकीने तर खांबाला धरलं आणि अर्धी गिरकी खांबाबरोबर पूर्ण केली. तिकडे स्वयंपाकघरात कप गप्प झाले. नोरीन म्हणाली, "चला गं बायांनो," आणि दार ढकलून बायकांची फौज ट्रे घेऊन बाहेर पडली. पुढे नोरीन, हातात तीन मजली क्रीमचा केक, मागे सँडविचं, त्यामागे दोघींनी धरलेलं चहाचं उकळतं भांडं.

चहाकडे निघालेले पुरुष, पुरुष शोधत निघालेल्या बायका आणि केक घेऊन निघालेली नोरीन हे सगळे हॉलच्या बरोबर मधोमध भेटले.

केक गेला तो सरळ वर गेला आणि आला तो सरळ वॉलीवर आला. वॉली पाय घसरून बसला, त्याच्यावर थेल्माबाईंची बहीण बसली. सँडविचं फळ्यांवरून घसरत थेट डॅरिलच्या पायाशी आली. चहाचं भांडं तेवढं त्या दोघींनी कसं कोण जाणे वाचवलं, नाहीतर हसण्यासारखं काही उरलं नसतं. एकच कल्लोळ झाला. किंकाळ्या, आरोळ्या, "अगं बाई!", "धरा, धरा!"

आणि क्लॅरी? क्लॅरीचे डोळे मिटलेलेच होते. त्याला आरडाओरडा पुसट ऐकू आला आणि त्याचं ऊर भरून आलं. उभ्या जन्मात त्याच्यासाठी लोक असे ओरडले नव्हते! तो आणखी चेकाळला. गिटार मानेमागे न्यायचं त्याने मनात नव्हतं आणलं, पण लोकांचं प्रेम बघून तेही केलं.

थेल्माबाईंनी त्याच्या पायावर पाय दिला तेव्हा त्याने डोळे उघडले. समोर सगळं गाव जमिनीवर. मधे वॉली, कानात क्रीम. वॉलीच्या पलीकडे नोरीन, हातात रिकामी ताटली. क्लॅरीने गिटार उतरवून ठेवली आणि मागच्या बाकावर, कोटांच्या ढिगाशेजारी जाऊन बसला. फळ्या दुभंगून आपल्याला पोटात घेतील तर बरं, असं त्याला वाटत होतं. पण त्या मजबूत होत्या, मिलच्याच होत्या.

जमीन पुसून झाली, उरलीसुरली सँडविचं खाऊन झाली, आणि डॅरिल उभा राहिला. पोरगा हुशार. काय घोटाळा झाला ते त्याने बरोबर ताडलं होतं. त्याने ती लालभडक गिटार गळ्यात घातली, जाड तार धरली आणि वाजवायला लागला, ढुम... ढुम.

मागच्या बाकावर क्लॅरीच्या तळपायांत काहीतरी आलं. त्याने खाली पाहिलं. फळ्यांमधून, बुटाच्या तळव्यातून, पोटरीपर्यंत. इतकी वर्षं तो मंचावर उभा होता आणि मंच पक्क्या विटांचा. आपण खाली काय पाठवतोय ते त्याने कधी अनुभवलंच नव्हतं. समोर त्या ठोक्यावर म्हातारी जोडपी सुखाने फिरत होती. एवढी चांगली गोष्ट आपल्या हातात होती आणि आपण ती कोंबड्यांना ऐकवायच्या नादात घालवली! शनिवार गेले. त्याची पूर्ण खात्री झाली.

पण मग पाय काहीतरी वेगळं सांगायला लागले. चार ढुम नीट पडले की पाचव्याच्या शेपटाला एक बारीकशी गिरकी. ती आली की सगळं रिंगण ठेचकाळायचं. डॅरिल ओठ चावून पुन्हा सरळ यायचा. थोड्या वेळाने दोन गिरक्या. मग ठोका पुढे पळायला लागला. म्हातारी माणसं धापा टाकायला लागली. थेल्माबाईंनी वळून एक नजर टाकली, जिने दूध नासलं असतं. डॅरिलच्या कपाळावर घाम, केस चिकटलेले. नाच कसाबसा संपला तसा तो मंचावरून उतरला आणि थेट क्लॅरीपाशी आला.

"क्लॅरीकाका, तुम्ही घ्या बाबा हे," तो म्हणाला. "माझी बोटं ऐकत नाहीत. सुचलं की वाजवून टाकतात. तुम्ही इतकी वर्षं सुचलेलं न वाजवता कसे राहिलात?"

क्लॅरीला खरं उत्तर ठाऊक होतं. त्याला कधी काही सुचलंच नव्हतं. पण तो गप्प राहिला, आणि गप्प राहिल्यामुळे फार विचारवंत दिसला.

कमिटी तिथेच, कोटांच्या ढिगाशी भरली. वॉलीचं म्हणणं, हा मास्तर मोठा वादक आहे, बोटं बघा त्याची! यावर थेल्माबाईंनी अकॉर्डियन खाली ठेवलं. त्या ते खाली ठेवून बोलतात तेव्हा गाव ऐकतं.

"मोठा आहेच," त्या म्हणाल्या. "क्लॅरीच्या दहापट मोठा. माणसं बसलेली असतील तेव्हा त्याला वाजवू द्या, मीही ऐकेन. पण माणसं उभी असतील तेव्हा मला क्लॅरी पाहिजे. आज त्याने बोटं दाखवली आणि तुझ्या डोक्यात केक पडला, वॉली. आणखी काय पुरावा पाहिजे?"

वॉलीला कानातल्या क्रीममुळे निम्मंच ऐकू गेलं, पण 'केक' ऐकू आलं आणि ते पुरलं. ठरलं असं की चहाच्या वेळी, सगळे टेकलेले असताना, डॅरिलने हवी तेवढी बोटं उडवावीत. बाकी शनिवार क्लॅरीचे. डॅरिलला एवढा आनंद झाला की त्याने क्लॅरीला मिठीच मारली. क्लॅरीच्या जिवात जीव आला. त्याने नोरीनकडे पाहिलं.

"उद्यापासून खुराड्यात पाऊल टाकलंस तर बघ," नोरीन म्हणाली. म्हणजे तिला सगळं कळलं होतं. पण तोंडाच्या कोपऱ्यात हसू होतं, आणि क्लॅरीने मनातल्या मनात दुसऱ्यांदा हुश्श केलं.

मग शेवटचा वॉल्ट्झ. क्लॅरीने जाड तार धरली, ढुम दिला आणि पुढे थांबला. पुन्हा ढुम. पुन्हा थांबला. बोटं निवांत होती, छातीवरचा धोंडा उतरला होता. खाली जोड्या फिरत होत्या, नोरीन डॅरिलबरोबर फिरत होती आणि एकाचंही पाऊल चुकत नव्हतं. आपले ढुम कुठे जातायत ते क्लॅरीला आज ठाऊक होतं. त्याने आयुष्यात वाजवलं नसेल इतकं सुंदर वाजवलं आणि त्यात सूर दोनच होते.

नाच संपल्यावर वॉली शिरस्त्याप्रमाणे सगळ्यांशी हात मिळवत आला. थेल्माबाई झाल्या, पियानो झाला. मग क्लॅरीचा हात हातात घेऊन तो बराच वेळ हलवत राहिला. त्याचे डोळे पाणावले होते, पण नाचाच्या नादात मंचाकडे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

"शेवटचा वॉल्ट्झ काय झाला रे!" तो म्हणाला. "पिसासारखा हलका झालो होतो बघ. तू ऐकायला थांबायला हवं होतंस. कोण वाजवत होतं?"

क्लॅरीने जरा विचार केला.

"लक्ष नाही गेलं बुवा," तो म्हणाला, आणि वॉलीच्या कॉलरवरचं उरलेलं क्रीम बोटाने पुसून घेऊन चाटलं.